जीपीएस बिघडलंय की दुसरंच काही? इंदूरच्या रस्त्यांवरून एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलात, गाडी २०१६ ची, तिच्यात आधीपासूनचं नेव्हिगेशन आहे आणि वर फोनमधलं ऍप, आणि दोन महिन्यांत तीन प्रकार झाले. आईंना घेऊन महेश्वरला निघालात तर ऍपनं एबी रोड (आग्रा-मुंबई हायवे) सोडून महूवरून जाम गेटच्या घाटात घातलं, येताना अंधार पडल्यावर पुन्हा त्याच घाटातून आणलं, आईंना उलट्या झाल्या. दुसरं, बायपासवर गाडी सरळ चालली होती तर ऍपमधली बाई मधेच म्हणाली यू टर्न घ्या. आणि तिसरं, राजवाड्याकडे, जुन्या बाजारात, साड्या घ्यायला गेलात तर अशा गल्लीत नेलं की आरसे मिटून रिव्हर्समध्ये बाहेर यावं लागलं, मागे हॉर्न वाजवणारे होतेच. आता विचारताय की जीपीएस बिघडलंय का, आणि वीस हजाराचं नवं युनिट बसवू का.

नका बसवू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका. माझा धंदाच गाड्यांना यंत्रं बसवायचा आहे त्यामुळे असं बोलणं मला परवडत नाही, पण तुमच्या तीन प्रकारांपैकी दोन नवीन युनिटनं सुटणारच नाहीत.

मी सोळा वर्षं इथे ट्रॅकर बसवतो, स्कूल बस, दुधाचे टँकर, ट्रॅव्हल्सच्या गाड्या. दिवसभर स्क्रीनवर गाड्यांचे ठिपके बघायचे हेच काम. तुम्हाला ऍपमध्ये जो निळा बाण रस्त्यावरून गुळगुळीत सरकताना दिसतो ना, तो नटवून-सजवून दाखवलेला असतो. मी बघतो ते कच्चे ठिपके, आणि कच्चे ठिपके रस्त्यावर क्वचितच असतात, ते दुकानात असतात, नाल्यात असतात, कुणाच्या गच्चीवर असतात. ऍप काय करतं तर तो ठिपका उचलून सगळ्यात जवळच्या, पटेल अशा रस्त्यावर चिकटवतं. बहुतेक वेळा बरोबर चिकटवतं म्हणून आपल्याला वाटतं की उपग्रहानं आपल्याला लेनसकट पकडलंय.

लोक सरसकट ज्याला जीपीएस म्हणतात त्यात खरं तर वेगवेगळी कामं आहेत. तुम्ही आत्ता कुठे आहात हे एक, ते उपग्रह सांगतात. तिथे रस्ता कसा आहे हे दुसरं, ते नकाशा सांगतो. त्यातून कोणता रस्ता धरायचा हा हिशोब तिसरा. आणि तुम्हाला जायचंय ती जागा नक्की कुठे आहे हे चौथं, म्हणजे ती लाल पिन. चूक एकाची होते आणि शिव्या उपग्रहाला बसतात, बिचारा वीस हजार किलोमीटरवर, त्याला ऐकूही येत नाही.

आधी त्याचंच सांगतो. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी मारतात आणि सतत वेळ ओरडत असतात, एवढंच त्यांचं काम. रस्ता, ट्रॅफिक, गल्ली, त्यांना काहीही माहीत नसतं, तुम्ही कुठे आहात हेही माहीत नसतं. तुमचा फोन निदान चार उपग्रहांची वेळ ऐकतो, प्रत्येकाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून अंतर काढतो, त्यावरून जागा. वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली की अंतरात ३०० मीटरची होते, इतकं ते नाजूक काम आहे. तरी मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरच्या आत अंदाज देतो, आणि आता बहुतेक फोन रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहही ऐकतात, काही फोन आपल्या इस्रोचं नाविक पण ऐकतात, त्यामुळे उपग्रह कमी पडले असं हल्ली फारसं होत नाही.

गडबड होते ती आवाज थेट न येता आपटून आला की. उंच बिल्डिंग, पत्र्याची शेड, काचेचं शोरूम, यांच्यावर आदळून सिग्नल तीसेक मीटर जास्त चालून आला तर फोनला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे, आणि ठिपका पलीकडच्या गल्लीत जाऊन बसतो. मागे एका दूधवाल्या शेठचा रात्री साडेअकराला फोन आला, "भिया, टँकर चोरी हो गया, मशीन में चल रहा है." मी लॅपटॉप उघडून बघितलं तर टँकर खरंच चालत होता, म्हणजे ठिपका चालत होता, शेडच्या आसपास चाळीस मीटरच्या गोलात पिसाळलेल्या माशीसारखा. मागचे तीन दिवस काढून बघितले तर रोज रात्री तेच. टँकर पत्र्याखाली उभा होता आणि पत्रा सिग्नल उडवत होता, बस. यंत्रानं ते सगळे छोटे छोटे तुकडे जोडून रात्रीचे सहा किलोमीटर दाखवले होते आणि शेठनं त्याच्या आदल्या आठवड्यात ड्रायव्हरचे डिझेलचे पैसे कापले होते. ते परत द्यायला लावले. तेव्हापासून गाडी बंद असताना येणारे ठिपके मोजायचेच नाहीत अशी सेटिंग मी प्रत्येक यंत्राला करून देतो.

आता तुमचा बायपास. तो हा उपग्रहवाला प्रकार, तोही अर्धाच. राऊपासून मांगलियापर्यंत मुख्य रस्ता आणि त्याला लागून दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड. एक लेन साडेतीन मीटरची, फोनची चूक पाच मीटरची, मग तो कसा ओळखणार की तुम्ही आतल्या रस्त्यावर आहात का बाहेरच्या? अंदाजानं एक पकडतो. तुमच्या वेळी त्यानं सर्व्हिस रोड पकडला असणार, आणि सर्व्हिस रोडवर आहात असं एकदा धरलं की पुढचा मार्ग सगळा त्या हिशोबानं, म्हणून यू टर्न. पुलाचंही तसंच. उंचीचा अंदाज आडव्या अंदाजापेक्षा नेहमीच कच्चा असतो, त्यामुळे भंवरकुआं किंवा फूटी कोठीच्या पुलावर गाडी आहे की खाली हे कधी कधी शंभर-दोनशे मीटर पुढे गेल्यावर त्याला उमगतं. गूगल मॅप्सनं जुलै २०२४ मध्ये पुलावर चढा की खालून जा हे आधीच सांगायची सोय भारतात आणली, ती उपयोगाची आहे, पण ती तुम्ही पुलाच्या आधी असताना. एकदा चढल्यावर तो बिचारा पुन्हा चाचपडतच असतो. यावर उपाय म्हणजे बायपासवर आवाजाकडे कमी आणि पाटीकडे जास्त लक्ष द्यायचं. अचानक यू टर्न म्हणाला तर काही करायचं नाही, पाचशे मीटर सरळ चालवायचं, तो स्वतःच शुद्धीवर येतो. आणि एक्झिट चुकलं तर चुकलं, पुढच्या अंडरपासवरून फिरून या, चार किलोमीटरनी कोणाचं काही बिघडत नाही. बायपासवर रिव्हर्स घेणारे मी रोज बघतो, त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत.

तरीही ठिपका वारंवार उडत असेल, म्हणजे सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावरही बाण शेतात जात असेल, तर गाडीतलीच एखादी वस्तू तपासा. एकाची गाडी माझ्याकडे आली, फोन दोन बदलले तरी गाडीत बसलं की सिग्नल जायचा. अर्धा तास डोकं खाजवलं. मग फोनमध्ये उपग्रह दाखवणारं ऍप लावलं, त्यात प्रत्येक उपग्रहाची एकेक दांडी दिसते, सगळ्या दांड्या बुटक्या. आरशामागे स्वस्तातला डॅशकॅम होता, त्याची वायर काढली आणि दांड्या आमच्या डोळ्यांदेखत सरसर वर आल्या. परत वायर लावली, परत खाली. हलक्या चार्जर आणि कॅमेऱ्यांच्या आतल्या सर्किटमधून रेडिओचा कचरा बाहेर पडतो आणि उपग्रहाचा आवाज मुळातच इतका क्षीण असतो की त्यात बुडून जातो. काही गाड्यांच्या काचेवर उन्हासाठी धातूची फिल्म असते, तिचाही हाच त्रास. आणि लोहचुंबकाचा फोन होल्डर असेल तर फोनचं होकायंत्र फिरतं, मग गाडी उभी असताना बाण उलट्या दिशेला दाखवतो आणि निघतानाच पहिलं वळण चुकतं. उभ्या गाडीचं तोंड कुठे आहे हे उपग्रहावरून कळत नाही, गाडी थोडी चालली की दोन ठिपक्यांवरून दिशा ठरते. म्हणून "उत्तरेकडे निघा" वगैरे म्हणाला की वीस-तीस मीटर पुढे जाऊन बघायचं, मगच वळायचं.

आता गल्ली. ही माझ्या मते उपग्रहाची चूक अजिबात नाही. पहिलं तुमच्या फोनमध्ये बघा, ऍप बाइकवर राहिलंय का. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या गल्लीच्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं. दुचाकीचा वेगळा मोड भारतात डिसेंबर २०१७ मध्ये आला, ऑफिसला बाइकवर जाताना तुम्ही तो लावता, ऍप तो लक्षात ठेवतं, आणि रविवारी कारमध्ये बसलात तरी ते तुम्हाला बाइकवालाच समजत असतं. मग बर्तन बाजार काय, पिपली बाजार काय, त्याला सगळं रुंदच.

मोड कारचा असेल तर मग नकाशा. नकाशात रस्ता ही एक रेघ असते. तिची रुंदी नोंदलेली असेलच असं नाही, आणि नोंदलेली असली तरी ओटे, ठेले, उभ्या ऍक्टिव्हा यांच्यातून उरते किती हे कोण सांगणार? जुलै २०२४ मध्येच गूगलनं अरुंद रस्ते टाळायची सोय पहिल्यांदा ज्या आठ शहरांत दिली त्यात इंदूर आणि भोपाळ दोन्ही होते, त्यावरून आपल्या गल्ल्यांची कीर्ती कुठवर गेलीय ते बघा. सोय चांगली आहे पण राजवाड्याच्या भागात एकच रस्ता वेळेप्रमाणे बदलतो. सराफा घ्या, दिवसा दागिन्यांची दुकानं, रात्री दुकानं बंद झाली की खाण्यापिण्याचे ठेले आणि पाय ठेवायला जागा नाही. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्या म्हणजे चित्ररथ, त्या दिवशी अर्धं जुनं शहर गाड्यांना बंद. बॅरिकेड लावणारा शिपाई काही ऍपला कळवून लावत नाही.

ट्रॅफिक कळतो कसा, तर तुमच्या-माझ्या फोनवरून. ज्या रस्त्यावर फोन हळू सरकतायत तो लाल. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकारानं हातगाडीत ९९ फोन भरून रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेले आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. आता उलटं बघा, नुकत्याच बंद झालेल्या रस्त्यावर फोनच नसतात, म्हणजे तुंबलेलं काही दिसत नाही, मग काही वेळ तोच रस्ता मोकळा आणि आकर्षक वाटू शकतो. पुरेशा गाड्या तोंडाशी जाऊन परत फिरल्या की मग त्याला कळतं. त्या परत फिरणाऱ्या पहिल्या गाड्यांमध्ये आपण असलो की आपण म्हणतो जीपीएस खराब.

आणि इंदूर सध्या नकाशाला झेपणार नाही इतकं बदलतंय हेही खरं. २०१३ ला चालू झालेली बीआरटीएस, म्हणजे बसची कठडे लावलेली वेगळी लेन, ती काढायला हायकोर्टानं २०२५ मध्ये मंजुरी दिली, म्हणजे बारा वर्षं जिथे वळता येत नव्हतं तिथे वळता येणार आणि कुठे नवीनच बंद होणार. मेट्रोची कामं आहेत, खंडवा रोड चौपदरी होतोय. तुमच्या गाडीतला नकाशा २०१६ चा असेल तर त्याला यातलं काही ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीनं नव्या पुलावरची गाडी हवेत तरंगतेय. पिनचं पण एक घ्या. आमच्याकडे एक पाहुणे महूला जायचे होते, त्यांनी इंग्रजीत स्पेलिंग कसंतरी टाकलं आणि ऍपनं हजार किलोमीटरवरचं उत्तर प्रदेशातलं मऊ काढून दिलं. स्टेशनचं नाव डॉ. आंबेडकर नगर, गावाला सगळे म्हणतात महू, यात ऍपचा तरी काय दोष. टिळक नगर, वैशाली नगर प्रत्येक शहरात, स्कीम नंबर ७४, ७८, ५४ यांत तर इथलेच लोक हरवतात. शिवाय पिन बिल्डिंगच्या मधोमध पडते, आणि ऍप तिला सगळ्यात जवळ असलेल्या रस्त्यावर नेतं, तो मागचा बोळ असला तर तुम्ही मागच्या बोळात, समोर भिंत, गेट पलीकडे. राजवाड्याला जाताना दुकानाची पिन टाकूच नका, पार्किंगची टाका आणि पुढे चाला. इंदूरच्या जुन्या भागात कार ही चालवायची वस्तू नाही, उभी करायची वस्तू आहे.

आता महेश्वर, कारण तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो मला पटतो. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरायचं म्हणजे घाट आलाच, एबी रोडनं गेलात तर मानपूरच्या पुढे उतार आहे, मग धामनोद, तिथून डावीकडे महेश्वर. दुसरा रस्ता महूवरून जाम गेट, खाली मंडलेश्वर, मग महेश्वर. हा होळकरांचा जुना रस्ता, वरचा दरवाजा अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ चा. दिवसा सुंदर आहे, पावसाळ्यात तर विचारू नका, पण वळणं घट्ट, रात्री अंधार, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला तो चालत नाही.

ऍप यातला एक निवडतं कसं? प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला किती मिनिटं लागतील हा आकडा दिलेला असतो, आणि त्यातून बेरीज सगळ्यात कमी येईल तो मार्ग काढायचा. याची मूळ रीत डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये छापली, सुचली होती म्हणे तीन वर्षं आधी, होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पिता पिता, वीस मिनिटांत. (साड्यांच्या दुकानाबाहेर ताटकळणाऱ्या नवऱ्यांनी नोंद घ्यावी.) आजची ऍपं त्यावर खूप काही चढवतात पण गाभा तोच, बेरीज. त्या बेरजेत वळणांची भीती नाही, अंधार नाही, आईंची उलटी नाही. घाटात गाड्या कमी, त्यातल्या बऱ्याच रोजच्या सरावाच्या, त्या ज्या वेगानं उतरतात तो वेग धरून तुमची वेळ काढली जाते. एबी रोडवर ट्रक तुंबले, दहा मिनिटं वाढली, की बेरीज झटकन जाम गेटकडे झुकते. परतताना तुम्हाला विचारलंही नसेल, किंवा "चार मिनिटं लवकर" असं दाखवून बदललं असेल. चार मिनिटं! दोन तासांच्या प्रवासात चार मिनिटं म्हणजे काहीच नाही, तेवढा वेळ चहाच्या टपरीवर सुट्टे पैसे मिळेपर्यंत जातो. दोन रस्त्यांत दहा मिनिटांच्या आतला फरक असला तर मी तो शून्य धरतो आणि मोठा रस्ता घेतो. सेटिंगमध्ये इंधन वाचवणारा मार्ग पसंत करायचं एक बटण असतं तेही बघा, ते चालू असलं की कधी कधी मुद्दाम वेगळा मार्ग येतो.

ऍपला आपल्या रस्त्यानं चालवायची युक्ती म्हणजे मधे थांबा टाकायचा. महेश्वरच्या आधी धामनोद थांबा म्हणून टाका, मग त्याला एबी रोड सोडता येत नाही. यात एक खोच आहे ती माझ्या ड्रायव्हर लोकांना दहादा सांगावी लागते. थांब्याची पिन आपल्या बाजूच्या रस्त्यावर पडली पाहिजे. समोरच्या बाजूच्या ढाब्यावर पडली तर ऍप तुम्हाला पुढे नेऊन, यू टर्न मारून, त्या पिनला शिवून, परत फिरवून आणेल, आणि तुम्ही पुन्हा मला लिहाल की जीपीएस वेडं झालंय. नकाशा मोठा करून बोट दाबून पिन टाका. निघायच्या आधी पूर्ण मार्ग एकदा झूम करून बोटानं बघायचा, गाव कोणकोणती लागतात ती चार नावं डोक्यात ठेवायची. राऊ, मानपूर, धामनोद. मग मधेच महू-मंडलेश्वर दिसायला लागलं की लगेच कळतं.

घाटात नेटवर्क जातं तेव्हा लोक घाबरतात की आता जीपीएस गेलं. ते जात नाही, त्याला नेटवर्क लागत नाही. लागतं ते नकाशा उतरवायला, ट्रॅफिकला आणि मार्ग चुकल्यावर नवा काढायला. म्हणून घरच्या वायफायवर इंदूर ते महेश्वर एवढा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. फोनच्या परवानग्यांमध्ये अचूक लोकेशन चालू आहे का तेही बघा, अँड्रॉइड १२ आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून अंदाजे लोकेशन असा पर्याय आलाय, चुकून तो दाबला गेला की बाण किलोमीटरभर इकडे तिकडे. बॅटरी सेव्हर प्रवासात बंद. एप्रिल-मेच्या उन्हात फोन डॅशबोर्डवर काचेखाली ठेवू नका, तापून मंद होतो आणि वळण गेल्यावर वळण सांगतो, एसीच्या जाळीसमोर लावा.

इथवर सगळं चिडचिडीचं होतं, एक गोष्ट जिवाची आहे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशाच्या भरवशावर चाललेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघं गेले. नकाशात दोन्ही ठिकाणी रेघ होती. आपल्याकडे निमाडात आणि माळव्यातही पावसाळ्यात रपटे, म्हणजे ओढ्या-नदीवरचे बुटके पूल, पाण्याखाली जातात, दिवसा घोटाभर दिसतं ते रात्री किती आहे कळत नाही. जुलै ते सप्टेंबर माझ्या गाड्यांना एकच नियम आहे, रपट्यावर पाणी वाहताना दिसलं की गाडी बंद, उतरून गावातल्या माणसाला विचारा, तो नाही म्हणाला तर मागे फिरा, गिऱ्हाइकाचे पैसे मी देतो. आणि रात्री अनोळखी रस्ता अचानक निमुळता व्हायला लागला, डांबर संपलं, समोरून एकही गाडी येईना, तर तिथेच थांबा. दहा मिनिटांत समोरून कोणी आलं नाही तर पुढे रस्ता नसूही शकतो.

चुकीचा रस्ता दिसला तर कळवा, ऍपमध्ये सुधारणा सुचवायची जागा असते. माझ्या अनुभवात काही दुरुस्त्या आठवड्यात झाल्या, काही वर्षभर तशाच, त्याचा भरवसा देता येत नाही. पण सुपर कॉरिडॉरच्या बाजूच्या एका कॉलनीचं बंद गेट मी तीनदा कळवलं तेव्हा गेलं, आणि त्यानंतर तिथल्या चौकीदारानं मला चहा पाजला, कारण दिवसाला वीस गाड्या त्याच्या गेटवर येऊन हॉर्न वाजवायच्या.

राहिला युनिटचा प्रश्न. जुन्या गाडीतल्या युनिटला नावं ठेवू नका. त्याचा अँटेना छतावर किंवा काचेजवळ पक्का बसवलेला असतो, आणि कंपनीचं असेल तर ते चाकांचा वेग आणि वळणाचा सेन्सर वापरून बोगद्यातही अंदाज चालू ठेवतं, फोन तिथे गांगरतो. खंडवा रोडवर बोगदे होतायत, तेव्हा हे कळेल. त्याचा नकाशा तेवढा म्हातारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की या मॉडेलचा नकाशा अपडेट मिळतो का आणि कितीला. हजार-दोन हजारात मिळत असेल तर करा, पाच-सात हजार सांगत असतील तर ते पैसे चांगल्या फोन होल्डरवर आणि पेट्रोलवर घाला. नवं वीस हजाराचं स्क्रीनवालं युनिट घेतलंत तरी बहुतेकांत शेवटी तुमच्या फोनचंच ऍप दिसतं, मोठं दिसतं एवढंच. तो मोठेपणा हवा असेल, डोळ्यांना त्रास होत असेल, तर जरूर घ्या, पण जाम गेट टळेल म्हणून घेऊ नका. आणि दोन्ही बाया एकाच वेळी बोलत ठेवू नका, एकीचा आवाज बंद.

आईंना परत न्यायचं असेल तर सकाळी सातच्या आत निघा, राऊ, मानपूर, धामनोद, थांबा आधीच टाकून. महेश्वरला पिन नदीच्या घाटाची टाकू नका, ती खालच्या बोळात नेते, किल्ल्याच्या अलीकडे वरच गाडी लावा आणि आईंसाठी रिक्षा करा. जाम गेट बघायचंच असेल तर वेगळ्या दिवशी तुम्ही दोघं जा, पाऊस पडून गेल्यावर, दुपारी, आणि उजेड असतानाच महूला परत या. वर दरवाज्यापाशी भुट्टेवाले बसतात, मीठ-लिंबू जरा जास्त लावायला सांगा.